कॅप्टन सध्या लाजतो

७ एप्रिल, सकाळ
ॲरोनचा फोन. मे महिन्यात जहाजावरून उतरतोय, थेट मालवणला. बापाची तब्येत विचारायच्या आधी माशांच्या टाकीची विचारली. म्हटलं, फर्स्टक्लास. कॅप्टन? तोही फर्स्टक्लास.

फोन ठेवून टाकी पाहिली. बऱ्याच महिन्यांनी, नीट. काचेवर हिरवं, हिरव्यावर तपकिरी. वास. रोझालिनाला म्हटलं, वास येतोय हे सांगायचं नाही का? म्हणाली, रोज सांगतंय. मला तरी आठवत नाही.

ॲरोनने जाताना पाच मासे सोडले होते. खाऱ्या पाण्यातले, नखरेल. चार गेले. त्यात माझा दोष नाही, जातच नाजूक. त्याला कळवलं नाही, भर समुद्रात पोराला टेन्शन कशाला. उरला कॅप्टन. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. डेपोत तपासणीला आलेल्या साहेबासारखा माझ्याकडे बघतो. मला तो पहिल्यापासून आवडत नाही.

पण टाकी ॲरोनने माझ्याकडे दिलीय. मम्मीला कामं खूप, पप्पा, तुमच्याकडे देतंय, म्हणाला. तेव्हा रोझालिना हसली होती. कोंबड्या, मनीप्लांट, जुनी स्कूटर, माझ्या हातात आलेलं काही जगत नाही असं तिचं मत आहे. ते हसू मी विसरलेलो नाही. पोराने येऊन चारचौघांत एकदा म्हणावं, पप्पान सांभाळल्यान. बस. आणि ते रोझालिनाने ऐकावं.

उद्यापासून काम सुरू.

८ एप्रिल
ऊन फार. उद्या.

१० एप्रिल, रात्र
सुरुवात. निम्मं पाणी उपसलं. बाहेरच्या खोलीत चिखल. रोझालिना घसरता घसरता वाचली आणि त्याचं भांडवल केलं. म्हणाली, आधी मासो टबात काढून ठेवा. मी म्हटलं, मी एसटीचा कंट्रोलर होतो, गणपतीच्या गर्दीत सगळा डेपो एकट्याने हलवलाय. एका माशासाठी मला सल्ला नको. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज.

काच नारळाच्या सोडणाने घासली. सगळा गाळ उठला, आतलं काही दिसेना. जेवलो. जरा पडलो.

संध्याकाळी गाळ बसला. कॅप्टन दिसत नाही. मधल्या मोठ्या दगडाखाली फट आहे, तिथे शिरला असणार. लाजरा आहे.

१२ एप्रिल
कुडाळला माशांच्या दुकानात गेलो. खाऱ्या टाकीसाठी मिठाची पाकिटं विकतो. मी म्हटलं, अरे, मालवणच्या माणसाला समुद्राचं मीठ विकतोस? म्हणाला, मग समुद्राचं पाणी न्या. उद्धट.

तरी कॅन घेऊन बंदरावर गेलो. पाण्यावर डिझेलचा तवंग, माशांची खवलं. थोडं पुढे जाऊन स्वच्छ पाणी भरता आलं असतं, पण मासे विकणाऱ्या बायका बघत होत्या. एकीने विचारलं, कंट्रोलर, आंघोळीक नेतास काय? रिकामा कॅन घेऊन परत. या गावात माणसाने काही चांगलं करू नये.

निर्णय. मीठ ते मीठ. बाजारातून खडे मीठ आणायचं. प्रमाणाची चिंता नाही. आमची आई खारातल्या आंब्यांसाठी खार करायची. खारात अंडं टाकायचं. बुडालं तर मीठ कमी, तरंगलं तर खार झाला. तिचे आंबे पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकायचे. आंबा टिकतो तर मासा का नाही टिकणार.

१४ एप्रिल
सगळं पाणी बदललं, मीठ घातलं. अंडं सोडलं. बुडालं. आणखी मीठ. बुडालं. किराणा दुकानात पुन्हा गेलो. दुकानदाराने विचारलं, कोण वारला काय, पुरूक एवढा मीठ? संध्याकाळपर्यंत अंडं वर. आईची पद्धत ती पद्धत. कॅप्टन दगडाखालीच. पाणी बदललं की त्यांना सवय व्हायला वेळ लागतो.

रोझालिनाने फक्त अंडं कुठे गेलं ते विचारलं. तिला विज्ञान समजावलं. ती पडवीत निघून गेली.

१६ एप्रिल
कुस्तोदियो आला. माझा मेव्हणा, आचऱ्याला राहतो, जेवायच्या वेळी बरोबर पोचतो. टाकीसमोर उभा राहून म्हणाला, लिओन, सगळा झक्कास, पण ह्याच्यात आंबे खंय? आणि स्वतःच हसला. बायकोचा भाऊ म्हणून वाढलं, नाहीतर फाटकातूनच परत पाठवला असता.

तो गेल्यावर पाहतो तर हवेचा छोटा पंप गायब. कुस्तोदियोशिवाय कोण नेणार? तो सायकलचा स्पोकसुद्धा सोडत नाही. रोझालिनाला सांगितलं तर म्हणाली, माझ्या भावाचा नाव घेव नको. असं ओरडली म्हणजे काहीतरी आहेच.

१९ एप्रिल
रोझालिनाचं नवीन खूळ. मागच्या पडवीत टब मांडलाय, वर सूप झाकलेलं. विचारलं तर म्हणे तिसऱ्यो वाळू सोडूक घातलंय. खाऱ्या पाण्यात ठेवल्या की तिसऱ्या वाळू सोडतात हे मलाही माहीत आहे, मी काय घाटावरून आलोय? रोज सकाळी मासे आणायला जाते आणि येताना कळशी भरून समुद्राचं पाणी आणते. तिसऱ्यांना ताजं पाणी हवं म्हणे. चार शिंपल्यांचे एवढे लाड. नवऱ्याच्या टाकीला एक कळशी दे म्हटलं असतं तर दिली नसती. मी म्हटलंही नाही.

जेवणात कुळथाची पिठी.

२३ एप्रिल
यश. पाणी काचेसारखं. हिरवं गेलं, तपकिरी गेलं, आत शेवाळाचा एक धागा जिवंत नाही. काठाला पांढरा थर धरलाय, म्हणजे खनिजं भरपूर.

कॅप्टन अजून बाहेर येत नाही. खाणं टाकतो, ते तरंगत राहतं. आहार कमी झालाय, तब्येतीला चांगलंच. पण खाण्याचा डबा मात्र निम्म्यावर आलाय. कुस्तोदियो माशांचं खाणंसुद्धा नेतो की काय? त्याच्याकडे मासे नाहीत. तरी नेईल.

रात्री पिठीच. विचारलं, तिसऱ्या केव्हा करणार? म्हणाली, अजून वाळू आसा. इतक्या दिवसांत तिसरी काय, वेळागराचा किनारासुद्धा वाळू सोडून मोकळा झाला असता.

२७ एप्रिल
ॲरोनचा व्हिडिओ कॉल. टाकी दाखवली. पाणी बघून खूश झाला. पप्पा, मस्तच, म्हणाला. मी फोन काचेच्या आणखी जवळ नेला. मग म्हणाला, कॅप्टन दाखवा. म्हटलं, झोपलाय. भर दुपारी? म्हटलं, रेंज जातेय, आणि कॉल कट केला.

रोझालिना दारात उभी होती. सगळं ऐकलं. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, काय नाय.

२ मे
दगडावर चमच्याने ठोकलं. काही नाही. हाक मारली. माशाला हाक मारणारा मी माणूस नाही, पण मारली.

दगड उचलून बघता आलं असतं. बाही वर केली, हात पाण्याच्या वर आणला. मग मागे घेतला. मासा आधीच लाजलेला, त्याला डिस्टर्ब करणं बरोबर नाही.

भीती वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

रोझालिनाने मागून सांगितलं, दगड उचला. मी म्हटलं, तुझ्या तळणीच्या धुरानेच तो आत बसलाय, माशाला मासे तळल्याचा वास सहन होईल का? दिवसभर अबोला. टब मात्र दोनदा जाऊन बघून आली. तिला तिसऱ्या माझ्यापेक्षा जवळच्या.

९ मे
ॲरोन उद्या येतो. कुडाळच्या दुकानात फोन केला, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा आहे का. नाही, मागवायला लागेल. तो दुकानदार पहिल्यापासूनच माझ्या विरुद्ध.

शेवटी ठरवलं. ॲरोनला शांतपणे सांगायचं की कुस्तोदियोमामाने टाकीत हात घातला होता. पंपही त्यानेच नेला. दोन गोष्टी एकात मिटतील. वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं.

१० मे
ॲरोन आला. भाच्याला बघायला म्हणून कुस्तोदियोही आला, म्हणजे माझं वाक्य गेलं.

ॲरोन बॅग न ठेवता टाकीशी. बोट बुडवलं, जिभेला लावलं. अंगणात जाऊन थुंकला. आत आला, बाही वर केली आणि दगड उचलला. खाली काही नव्हतं. हाडसुद्धा नाही. मी म्हटलं, बघ, मामा आला होता त्या दिवशी. कुस्तोदियोने कपबशी खाली ठेवली.

रोझालिना म्हणाली, चल रे माझ्यावांगडा. सगळे तिच्या मागून पडवीत. तिने सूप काढलं. टबात तळाला मूठभर तिसऱ्या, कोपऱ्यात पंप फसफसतोय, आणि मधोमध कॅप्टन. जाडा झालाय. तिने बोट पाण्याला लावलं तर वर आला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

म्हणाली, त्या दिवशी काच घासून तुमी जेवन निजलास, तेवाच काढलंय.

मी विचारलं, मग एक महिना बोलली का नाहीस? आवाज चढवायचा होता, चढला नाही. ती म्हणाली, तुमी एक दिवस तरी दगड उचलतलास म्हणान वाट बघत होतंय.

कुस्तोदियो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

११ मे
मिसा संपवून पाद्री घरी आले, वाड्यावरची दोन-चार माणसंही. टब बाहेरच्या खोलीत आणून ठेवलेला. पाद्रींना कॅप्टन फार आवडला. तू जहाजावर असताना ह्याच्याकडे कोणी बघितलं, असं त्यांनी ॲरोनला विचारलं.

ॲरोन म्हणाला, पप्पान सांभाळल्यान.

मोठ्याने, चारचौघांत. अगदी तसंच. पाद्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रोझालिना केकचे तुकडे करत होती, मान वर केली नाही. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी आत जाऊन पाणी प्यायलो.

१२ मे
सकाळी ॲरोन आणि रोझालिना बंदरापलीकडे जाऊन पाणी घेऊन आले. माझा खार अंगणात ओतला. कॅप्टन टाकीत गेला. टाकीच्या दिव्याचं बटण तेवढं माझ्याकडे दिलंय.

टब रिकामा. दुपारी तिसऱ्यांचं सुकं. मला पहिलं वाढलं. मीठ कमी होतं. मागितलं नाही.