आत्याच्या कोनाड्यातली पेटी

१ ऑगस्ट १९९९, रविवार

आत्याच्या सेतूचा फोन, तिच्याच घरी. आत्या नेहमीसारखी ओरडून बोलली, न्यू जर्सीपर्यंत आवाज तिलाच पोचवायचा असल्यासारखी. मग फोन माझ्या हातात. सेतू म्हणाला, कॉम्प्युटरचा बोर्ड आणि प्रोसेसर मित्राबरोबर पाठवतो, तो महिनाअखेर कुंभकोणमला येतोय. कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय विमानात जड होतात, ते तूच घे. "स्वस्तातलं बघ वत्सू, पण बरं बघ." स्वस्त पाहिजे आणि बरंही पाहिजे. लहानपणापासून असाच.

ई-मेल सुरू झाली की सगळं सविस्तर लिहितो, फोनवर नको, असंही म्हणाला. आत्याने फोन ठेवला आणि आईकडे बघून डोळे मिचकावले. लग्नाच्या मुहूर्ताचंच लिहिणार म्हणे. मी रागावल्यासारखं केलं.

५ ऑगस्ट

मी शिकवते त्या कॉम्प्युटर सेंटरमधला शेवटचा क्लास सुटल्यावर आत्याकडे गेले. हॉलमधला रेडिओचा कोनाडा शिवणाच्या टेपने मोजला. उभी पेटी बसेल, पण मॉनिटरला मग जागा उरत नाही. आडवी घेतली तर मॉनिटर तिच्याच डोक्यावर. आत्याचं मतही आडवीलाच. "उभं नको गं, मांजर पाडेल. पडून राहणारंच घे."

खिडकीपाशी खुर्ची, दुपारी ऊन येतं म्हणून पडदा. फिकट निळा. पेटीचा पत्ता नाही आणि मी पडदे ठरवतेय. आई म्हणते मी हल्ली एकटीच हसते. आत्याने मी पाळण्यात असतानाच सांगून टाकलं होतं की ही माझ्या सेतूची. आम्हा तमिळ मुलखातल्या मराठी माणसांत आत्याच्या घरी सून म्हणून जाणं म्हणजे दोन गल्ल्या ओलांडणं, त्यात ठरवायचं ते काय. पंचवीस वर्षं कोणी मला विचारलं नाही आणि मलाही कोणी विचारावंसं वाटलं नाही. मला तो आवडतोच.

७ ऑगस्ट, शनिवार

तिरुची. दुकानात छतापर्यंत कॅबिनेटं रचलेली, सगळी एकाच पांढुरक्या रंगाची. दुकानदार झाकणावर थाप मारून दाखवतो, जणू म्हैस विकतोय. सगळ्यात स्वस्त होतं त्याच्या पत्र्याची कड बोटाला लागली. आत्या रोज फडक्याने पुसणार, तिचे हात कापतील. कड दुमडलेलं घेतलं, आडवं.

पॉवर सप्लाय आतच बसवून देतात. वर चिकटवलेल्या वॅटच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही. दोन सुटे मागितले, दोन हातांत धरले. हलका म्हणजे आत तांबं कमी. थोडा जड होता तो घेतला. बसमध्ये खोकं मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, सीर का? म्हणजे माहेरून लग्नात नेतात ते. मी हो म्हणून टाकलं.

२९ ऑगस्ट, रविवार

सेतूचा मित्र आला. चांगला मुलगा आहे. त्याच्यावर राग नाही.

आत्या कॉफी करायला आत गेली. मी चंदेरी पिशवीतून बोर्ड काढला आणि लगेच कळलं, बसणार नाही. माझ्या पेटीतल्या सप्लायला दोन अरुंद प्लग आहेत, ह्या बोर्डावर एकच रुंद सॉकेट. स्क्रूची भोकंही वेगळी. नवी जात, एटीएक्स. माझी पेटी जुन्या जातीची. तसं म्हटलं. तो हळहळला. म्हणाला, दोघांनी दुकानात किती वेळ घालवला, अनितानेच सांगितलं नवं मॉडेल घ्या म्हणून, तिला हार्डवेअरमधलं चांगलं कळतं.

कोण अनिता, म्हणून विचारलं.

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे. आवाज खाली. डिसेंबरात लग्न रजिस्टर करणार आहेत. "घरी सांगितलं म्हणाला होता. तुम्ही त्याची तंगच्चि ना? माझी तंगच्चि आहे, तिला सगळं कळतं, तिच्याच हातात दे, असं म्हणाला."

तंगच्चि म्हणजे धाकटी बहीण. मामाच्या मुलीला इथे कोणी तंगच्चि म्हणत नाही, मामाची मुलगी म्हणजे जिच्याशी लग्न होतं ती. हे सेतूला माहीत नाही असं नाही.

आत्या कॉफी घेऊन आली. मी प्यायले. गरम होती.

३० ऑगस्ट

सेंटरला गेले. शिकवलं. काय शिकवलं ते

२ सप्टेंबर

कोणाला सांगितलं नाही. आई विचारते पोट दुखतंय का. हो म्हटलं, तर तिने ओवा दिला. ओवा चावता चावता रडू आलं आणि तिला वाटलं तिखट लागला.

ही वही उघडीच पडलेली असते. घरात देवनागरी मीच वाचते, तीसुद्धा हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. आईने उचलून धूळ झटकून परत ठेवली.

आत्याचं काय करू? तिने जरीचं लुगडं बाहेर काढलंय, बॉर्डर बदलून घ्यायची म्हणते. रंग मला विचारते. मी नुसती सेतूची नव्हते, तिची होते. तो गेलाच. आता ही बातमी कळली की आत्या माझ्याकडे बघणार कशी? तोंड चुकवायला लागली तर मला सहन होणार नाही. मला आत्या गमवायची नाही.

११ सप्टेंबर, शनिवार

परत तिरुची. दुकानदाराने पेटी परत घेतली, कुरकुर करून. एटीएक्समध्ये त्याच्याकडे आडवी नाही, उभीच. कोनाड्यात पेटी, मॉनिटर शेजारी स्टुलावर. खिडकी अर्धी झाकली जाईल. पडदा नकोच मग.

सप्लाय निवडायची वेळ आली तेव्हा त्याने एक हलका पुढे केला. ई-मेलपुरतं पुष्कळ आहे म्हणाला, उगाच पैसे कशाला घालता. खरं तर मलाही तेच वाटलं. मरू दे. बंद पडला तर पडला, माझं काय जातंय. कागद गुंडाळायला घेतला त्याने, आणि मी थांबवलं. संध्याकाळी आत्याच्या गल्लीत, मेलवीधीत, सगळ्यांचे दिवे एकदम लागतात, बल्ब पिवळे पडतात, पंखा रेंगाळतो. हलका सप्लाय तेवढ्यात मान टाकणार आणि आत्या घाबरणार, आपणच काहीतरी मोडलं म्हणून. जड होता तो दे म्हटलं. परवडणाऱ्यातला सगळ्यात जड. लग्न मोडलं म्हणून कामही वाईट करायचं का?

मोडलं कसं म्हणू, ठरलंच कुठे होतं.

१९ सप्टेंबर, रविवार

सेतूचा फोन. मित्राने बोर्ड दिला का? दिला. तो काही म्हणाला का? म्हणाला.



"वत्सू, मी अम्माला मेलमध्ये लिहितो. तू लवकर सुरू कर, प्लीज."

मी म्हटलं, आत्ताच सांग, ती इथेच उभी आहे. तो म्हणाला, फोनवर नको, ती रडेल. मग माझं काय, हे विचारायचं होतं. आत्याने मध्येच फोन घेतला आणि पोरा जेवलास का म्हणून ओरडली.

नंतर मला म्हणाली, "काय सांगूलाला गं तो?" घाई कर म्हणतोय, म्हटलं. ती हसून हसून खोकायला लागली.

३ ऑक्टोबर

अजून जोडलेली नाही. मॉनिटरची वायर आखूड आहे, सेंटरमध्ये काम फार आहे, अमावास्या जवळ आली. रोज एक कारण काढते. खरं कारण एकच. ही पेटी सुरू झाली की बातमी तिच्यातूनच येणार, आणि सुरू करणारी मी.

१२ ऑक्टोबर

आत्याच्या घरी नवरात्राचा कोलु मांडलाय. बायका बाहुल्या बघायला येतात, सुंडलची उसळ खातात आणि मला विचारतात, कधी गं? आत्या माझ्या वतीने उत्तर देते, "मेल येऊ दे की." आता गल्लीभर सगळे मेलची वाट बघतायत.

कोलुतल्या लाकडी नवराबायकोला ह्या वर्षी नवे कपडे. नवरीची साडी माझ्या पोलक्याच्या उरलेल्या कापडाची. मी तिथून उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

१७ ऑक्टोबर, रविवार

जोडली. दुपारभर. सप्लायचे चार स्क्रू, बोर्डाखाली पितळी खुंट्या, मग तो एकच रुंद प्लग. टक् करून बसला. अनिताने निवडलेला बोर्ड आणि मी निवडलेली पेटी, कुठेही फट नाही. इतकं छान बसल्याचा मला राग आला.

१८ ऑक्टोबर, सरस्वतीपूजा

पेटी पुस्तकांशेजारी. आत्याने तिला गंध लावलं, कुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल. आज काही चालवायचं नाही. आजचा दिवस बरा.

१९ ऑक्टोबर, विजयादशमी

सुरू झाली. आत्याचं बोट धरून बटण दाबलं. पंखा फिरला, एकदा पीं केलं. आत्याने दोन्ही हात जोडले. मग माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, दृष्ट काढल्यासारखी. कुंकू अजून बटणाखाली आहे. पुसू नको म्हणाली.

३१ ऑक्टोबर, रविवार

इंटरनेट परवा मिळालं. काल सेतूला पत्ता कळवला. आज संध्याकाळी उत्तर होतं.

इंग्रजी अक्षरांत आपली भाषा. वर दोनच ओळी. अम्मा, आधी फोटो बघ. बाकी वत्सू वाचून दाखवेल.

वत्सू वाचून दाखवेल. मी तेवढंच परत परत वाचत होते. आत्याने चष्मा लावला. फोटो वरून खाली सरकत यायला लागला, एकेक पट्टी. आधी आभाळ. मग झाडाचा शेंडा, लाल. "किती छान फूल," आत्या म्हणाली. पानं होती ती. मग सेतूचे केस, भांग तोच. त्याच्या शेजारी आणखी एक डोकं.

आणि दिवे पिवळे पडले. रोजची वेळ. पंखा रेंगाळला, देवाजवळचा बल्ब विझल्यात जमा. मी मनात पेटीला म्हटलं, जा. आता जा. आजचा दिवस सोड मला.

नाही गेली. मॉनिटरचा पडदा जरासा थरथरला आणि फोटो सरकत राहिला. सप्लाय चांगला निवडला होता मी.

दोन कपाळं आली. एकावर टिकली.

"कोण गं ही?" आत्याने विचारलं.

अजून पूर्ण आलं नाही आत्या, म्हटलं. नजर कीबोर्डावरच ठेवली. आत्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. मग दुसरं स्टूल ओढून माझ्या शेजारी अगदी खेटून बसली आणि माझं मनगट धरलं.

"येऊ दे सगळं," म्हणाली. "मी बसलेय इथंच."