शीलाताईंचा सूर आणि माझा प्रोग्राम

मंगळवार, संध्याकाळ

आज क्लासमध्ये कामठीच्या शीलाताई अगदी सुरात गात होत्या. तरी मी लिहिलेल्या प्रोग्रामने पडद्यावर त्यांच्या सुराची रेघ लाल, म्हणजे बेसूर, दाखवली. आधीच्या मुलीसाठी त्यात लावलेला षड्ज बदलायचं मीच विसरलो होतो. ज्या कानांवर पोट भरतो, त्यांना ताई सुरात आहेत हे तेव्हाच कळलं होतं. पण दोन नवे पालक कॉम्प्युटरची कमाल बघायला बसले होते, म्हणून म्हणालो, "ताई, सूर हलतोय." का म्हणालो?

त्या हसल्या. "मशीन खोटं काहून बोलन, सर? रविवारी विहारात मी नाही गात मग."

ती लाल रेघ डोळ्यांपुढून जात नाही. आत्ता फोन करून सगळं कबूल केलं.

"राहू द्या, सर," त्या म्हणाल्या, "मले बरं वाटावं म्हणून मशीनले नावं ठेवून राहिले तुम्ही."