क्रताय, ये बाळा

सोमवार, ३ जून
मिळाली एकदाची नोकरी. खोन केन शहरातल्या प्रयोगशाळेत सशांची देखभाल. डॉक्टर वितून सशांना माणसाच्या शरीरातलं एक प्रथिन टोचतात. सशाचं रक्त ते ओळखायला शिकतं, मग त्या रक्तातून प्रतिपिंडं काढतात. ती प्रतिपिंडं हजारांतून नेमकं तेवढंच प्रथिन हुडकतात म्हणे. मला देवळाबाहेर स्वतःची चप्पल सापडत नाही. लेकीचं घरातलं नाव क्रताय, म्हणजे ससाच. तिला वाटतं, आई तिच्याच भाऊबंदांकडे कामाला जाते. सशांना सांग, माझा खाऊ मागायचा नाही, असं तिनं सकाळी बजावून ठेवलं.

गुरुवार, ६ जून
आज पहिली सुई. मी धरलेली मादी इतकी दचकली की तिचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. पोर दचकलं की आपण त्याचा खवान, त्याचा जीव, परत बोलावतो. तेच सवयीनं तोंडातून गेलं: खवान, ये, क्रताय, ये बाळा. डॉक्टर हसले. म्हणाले, सशाला ससाच म्हणालीस, चुकलीस कुठं? मादी लगेच शांत झाली.

रविवार, ९ जून
क्रताय गप्प आहे. भाताचा गोळा हातात धरून बसते, खात नाही. दवाखान्यात म्हणाले, काही झालेलं नाही.

मंगळवार, १८ जून
पिंजरा धुताना मी क्रतायचं झोपायचं गाणं गुणगुणत होते. मादी जवळ आली. तिनं माझ्या बाहीची कड ओठांत धरली आणि डोळे मिटले. क्रताय अशीच झोपते. झोपायची.

शेजारच्या बुआलोई मावशीनं हे माझ्याकडून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, अगं बये, नाव घेऊन बोलावलंस, जीव बिचारा तिथंच आला. ससा जिवंत आहे तोवर घरी आण, दोघींच्या मधे दोरा बांधू, जीव परत येईल.

बुधवार, १४ ऑगस्ट
क्रताय आता उठत नाही. मी डॉक्टरांच्या पाया पडले. मादी घरी नेऊ देत नाहीत. शुक्रवारी शेवटचं रक्त काढणार, सगळं. उद्या माझी सुट्टी. संध्याकाळी जाऊन चोरणार आहे.

गुरुवार
पिंजरा रिकामा.
मी रडते म्हणून डॉक्टरांनी दया केली— मी नसताना उरकून घेतलं. रक्त फार छान निघालं म्हणाले. छोट्या कुप्यांत वाटून झालंय.

शनिवार
मावशी म्हणते, माणसाचे खवान बत्तीस, अवयवागणिक एक. एकेका कुपीत एकेक गेला असेल. एक कुपी खिशात घालून आणली. क्रतायच्या मुठीत दिली, मनगटाला दोरा बांधला, हाक मारली—
उजवा हात हलला. तेवढाच. चाचपत माझ्या बाहीपाशी आला. देवा, मी इतकी रडले.

सोमवार
बाकीच्या कुप्या गेल्या. बँकॉक, पेनांग, अजून कुठं कुठं— डॉक्टर म्हणाले, वापरून संपवतात, उरलं तर ओतून देतात.

बुधवार
सकाळी पावलं गार पडली. मग एक डोळा थिजला— कुठंतरी कुणीतरी कुपी उघडतंय—
मावशी म्हणते, थांबू नकोस. बोलावतेय. पण कुठल्या गावाकडं तोंड करून— पेनांगहून ये, बँकॉकहून ये, आई इथं आहे, खवान, ये, क्र—