बिनचित्राचा फ्रेंच सिनेमा

३ डिसेंबर, मंगळवार
डॉक्टर म्हणाले बीपी वाढलंय. मीठ कमी करा, चिडणं कमी करा. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या पुनमने यावर मोबाईलवर एक उपाय पाठवला. कुठल्याशा फ्रेंच सिनेमाचं संगीत. गाणी नाहीत, बोलणं नाही, चित्र नाही. नुसतं मागचं वाजणं. सिनेमा कुठाय विचारलं, तर म्हणाली, बाबा, सिनेमा नका बघू, दुकानात बसल्या बसल्या नुसतं ऐका. डोकं शांत होतं.
संकल्प: दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा ऐकणे. म्हणजे बियाण्यांचा सीझन येईपर्यंत दिवसभर.

४ डिसेंबर
ऐकलं. मध्ये डोळा लागला, पण ती झोप नव्हती, चिंतन होतं. उठल्यावर स्वच्छ कळलं की आपल्याला अख्खा सिनेमा समजलेला आहे. बासरी म्हणजे तरुण बाई. जाडंभरडं वाजतं तो तिचा बाप. बारीक घंटी वाजते तो सायकलवरचा पोस्टमन, त्याचं तिच्यावर प्रेम. एका तुकड्याच्या नावात ‘मारी’ असं वाचता आलं, म्हणजे बाईचं नावही मिळालं. फ्रेंच न शिकता.
बायकोला, नर्मदाला सांगितलं. ती म्हणाली, मक्याच्या बियाण्यात उंदीर शिरलेत, ते समजलं का?

६ डिसेंबर, शुक्रवार
स्पीकर आणला. दुकानापुढच्या बाकावर रिटायर कंडक्टर संतराम आणि शेजारचे शिंपी खाजा मिया होते. वाजवत गेलो, समजावत गेलो. खाजा मियांनी विचारलं, मारी म्हणजे बिस्कुट का? म्हणालो, जमीनदाराची पोरगी. संतराम म्हणाला, जमीन किती? आता वाजण्यातून सातबारा कसा निघणार? तरी बापाच्या आवाजाचा अंदाज घेऊन ऐंशी एकर बागायत सांगितली. फ्रान्सबद्दल त्यांचा आदर वाढला.

९ डिसेंबर
बाक पुरत नाही. लोक युरियाच्या पोत्यांवर बसतात. समोर राहणारी माझी चुलती, गोजरकाकू, दुपारची झोप सोडून येते. आज म्हणाली, लेकरू गुणाचं हाय रं, बाप काहून असा वागून राहिला? म्हणालो, काकू, तिकडं पण तसंच असतं. विक्री झाली नाही. बीपी मोजायचं राहिलं. पण आमच्या जवळा बाजार गावात कलेचं वातावरण कुणी निर्माण केलं, हे पुढेमागे लोक विचारतील.

११ डिसेंबर
मारी वारली. माझा इलाज नव्हता. व्हायोलिन खाली खाली जात गेलं आणि एकदम शांतता झाली. इतका परिणामकारक मृत्यू मी आजवर ऐकला नाही. काकूनं पदर तोंडाला लावला. संतराम म्हणाला, सोमेश्वर, तुझ्या स्पीकरची बॅटरी गेली, लाल दिवा लागून राहिला ना. म्हणालो, तो योगायोग.

१२ डिसेंबर
गोजरकाकूनं कालपासून अन्न सोडलंय. तिला शुगरची गोळी आहे, उपाशी राहून चालत नाही. नर्मदानं नेलेली भाकर तशीच परत आली. नर्मदा म्हणाली, जा आन् सांगा, जिती हाय म्हणून. मी शांतपणे समजावलं की कलावंताला असं करता येत नाही, ती संगीतात मेलेली आहे. नर्मदानं विचारलं, कलावंत कोण?
संकल्प: तत्त्व सोडायचं नाही.

१३ डिसेंबर
तत्त्वाला थोडी मुरड. स्पीकर चार्ज करून पुढचं ऐकलं. पुढं तर नाच! मेलेली बाई नाचते कशी? विचार केला आणि उत्तर सापडलं. काकूकडे धावत जाऊन सांगितलं, पुनर्जन्म झाला! काकू म्हणाली, म्हंजे मेलीच ना. आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

१४ डिसेंबर, शनिवार
काकूला चक्कर आली. खाजा मियांनी ऑटो आणला, दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टरनी विचारलं, घरात कुणी गेलं का? मी म्हणालो, फ्रान्समधलं एक ओळखीचं.
काकू माझा हात सोडेना. म्हणाली, माझी बी एक पोर अशीच गेली रं सोमू. बासरीवानी आवाज होता तिचा. तुला आठवायचं न्हाई, तू पाळण्यात व्हतास.
मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. डोळ्यांत काहीतरी गेलं. दवाखान्यातला पंखा फार जोरात फिरतो.

१५ डिसेंबर, रविवार
काकू घरी आली. जेवत नाहीच. शेवटी तिच्या खाटेशी बसून पुनमला फोन लावला, स्पीकरवर. विचारलं, सिनेमात मारी शेवटी जगते का? पुनम हसायला लागली. बाबा, मारी शेळी आहे!
डोंगरातला एक म्हातारा आणि त्याची शेळी, एवढाच सिनेमा. घंटी तिच्या गळ्यातली. जाडंभरडं वाजतं ते म्हातारा घोरतो तेव्हा. पोस्टमन नाही. ऐंशी एकरही नाही. आणि शेवट? शेवटाला पुनमला झोप लागली होती.
माझं प्रामाणिक मत: पुनमनं चित्र बघितलं, त्यामुळे तिची दिशाभूल झाली.
काकू मात्र, मुकं जनावर गं बाई, म्हणून आणखीच रडायला लागली.

१६ डिसेंबर
नर्मदा तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन काकूच्या ओसरीवर जाऊन बसली. सोलता सोलता म्हणाली, कोन म्हणलं मेली म्हणून? गाभण हाय ती. थंडीनं पाय आखडले व्हते. म्हाताऱ्यानं कांबळं टाकलं, गूळ चारला, तवा उठली.
काकू उठून बसली. मग गं?
मग काय, आधी चार घास खा, मंग सांगते.
काकूनं अर्धी भाकर खाल्ली, तुरीच्या सोल्याची आमटी वरपली आणि गोळी घेतली. नर्मदानं त्या संगीतातला एक सूरही ऐकलेला नाही, याची इथं नोंद करून ठेवतो.

१८ डिसेंबर
बाकावर कुणी नाही. पोत्यांवर कुणी नाही. एकट्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. काही दिसलं नाही. बासरी वाजली ती बासरीच होती.
दुपारी, केवळ निरीक्षणासाठी, काकूच्या ओसरीपाशी गेलो. सगळे तिथंच. संतराम भिंतीला टेकून, खाजा मिया हातशिलाई घेऊन. मारीला दोन पिल्लं झालीत. एक दांडगं, एक अगदी अशक्त. मला दारात बघून नर्मदा थांबली. म्हणाली, बसायचं आसंल तर शेंगा घ्या सोलायला.
बसलो. थोड्या वेळानं राहवलं नाही, विचारलं, ते अशक्त पिल्लू दूध पितंय का?
काकू म्हणाली, सोमू, मधी बोलू नको. तुला काय ठावं त्यातलं?