उंचीला शोभेल एवढं वजन

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कोल्हापूर, २० नोव्हेंबर १९९६

चि. शांभवीस,
आत्तीचे पोटभर आशीर्वाद.

दिवाळीचा फराळ पोचला असंल. डबा ह्यांनी बांधलाय, म्हणून सुतळी एवढी आवळलीया. इथं समदी खुशाल हाय. आपल्या प्रभुलिंगचं लग्न माघात धरलंय. आणि नवऱ्या मुलाची आई कशी दिसणार, ठावं हाय? सडपातळ. हसू नको. गौरी-गणपतीपासनं मी काय न करता बारीक होत चाललीया. जेवण उलट वाढलंय, दोन भाकरीवर भागत न्हाय. पाणी तर तांब्यावर तांब्या लागतंय. ब्लाऊज टाके मारून आत घेतले, ते पण आता सैल. गल्लीतल्या बायका औषधाचं नाव विचारत्यात. चिमणाबाई म्हणाली, कालिजातली पोरगी दिसतीस. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

काल मार्केट यार्डात आपल्या दुकानी गेलते. तुझ्या मामांनी मला गुळाचे रवे तोलायच्या काट्यावर उभी केली. हमाल हसायला लागले. सेहेचाळीस किलो भरले. उन्हाळ्यात चौसष्ट होते की! तू आहाराचं शिकतीस, तर पाच फूट दोन इंच उंचीच्या, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचं वजन किती असावं ते कळव. लग्नापातूर आणि किती उतरवायचं ते बघते.

अभ्यास कर, वेळेवर जेव. माया हाय तशी ठेव.
तुझी,
रत्नव्वा आत्ती


पुणे, २६ नोव्हेंबर १९९६

ती. आत्तीस,
शांभवीचा शिरसाष्टांग नमस्कार.

फराळ मिळाला. चकल्या हॉस्टेलच्या मुलींनी मला विचारायच्या आतच संपवल्या. प्रभुदादाला म्हणावं, लग्नात मी त्याचे बूट लपवणाऱ्यांच्या बाजूला असेन.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझी उंची सेंटिमीटरमध्ये एकशे सत्तावन्न होते. त्यातून शंभर वजा केले की सत्तावन्न उरतात. बायकांसाठी त्याहून चार-पाच किलो कमी धरतात, पण वय वाढलं की थोडं जास्त असलं तरी चालतं. म्हणजे तुझं वजन बावन्न ते सत्तावन्नच्या आसपास असावं. हा नुसता अंदाज असतो, हाडापेराप्रमाणे बदलतो. चौसष्ट असताना मीच तुला थोडं उतरव म्हटलं असतं. सेहेचाळीस मात्र कमी आहे, आत्ती.

पण मला आकड्यापेक्षा दुसरंच खटकलं. तू जास्त खातेस आणि तरी वजन उतरतंय. तहान भागत नाही. रात्री सारखं लघवीला उठावं लागतं का? दुपारी गळून गेल्यासारखं होतं का? हे साखरेचं दुखणं असू शकतं. नसलं तर उत्तमच, पण रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही. लग्न होईपर्यंत थांबू नकोस. हे पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तेव्हापासून मला रागावणारी तू एकटीच आहेस. आज मी तुला रागावते आहे असं समज.

मामांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
शांभवी


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कोल्हापूर, २ डिसेंबर १९९६

चि. शांभवीस,
आत्तीचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग परत पहिल्यापासनं वाचलं. रात्री उठावं लागतंय खरं, तीन-चारदा. पुण्यात बसून तुला कसं कळलं? पण पोरी, आता डॉक्टर नको. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? आणि गुळाच्या व्यापाऱ्याच्या बायकूला साखर झाली म्हटल्यावर उभा मार्केट यार्ड हसंल.

लग्न होऊ दे, मग बघू. नव्या चपलेनं पायाला फोड आलाय, तेवढा भरून येत न्हाय. बाकी मी धडधाकट हाय.

तुझं पत्र मामांनी पण वाचलं. चष्मा पुसत बसले.

रागावलीस म्हणून वाईट वाटलं न्हाय, उलट डोळे भरले. अशीच हक्कानं लिहीत जा.
तुझी,
आत्ती


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कोल्हापूर, १८ जानेवारी १९९७

चि. शांभवीस,
बसलिंगाप्पा मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायचं काम मी आजवर तुझ्या आत्तीवर सोडलं. हे मात्र माझं मलाच लिहायचं होतं.

तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस तिची समजूत घातली. ऐकंना. शेवटी मी एवढंच म्हणालो, “पोराच्या अक्षतांना माझ्या शेजारी तू उभी पायजेस.” मग उठली आणि पदर सारखा करून निघाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर चारशेच्या वर. पायाच्या फोडात पू झालेला. तिथंच दाखल करून घेतलं. इन्सुलिन सुरू झालं. ते म्हणाले, आणखी उशीर केला असता तर पाय कापावा लागला असता, कदाचित माणूसही हातचं गेलं असतं. मला बाहेर येऊन बाकावर बसावं लागलं.

आता घरी आहे. जखम भरली. सुई स्वतः टोचून घेते, प्रभ्या बघत न्हाय, तोंड फिरवतो. वजन हळूहळू वाढतंय. डॉक्टर म्हणाले, पन्नासच्या पुढं गेलं की बरं. तू लिहिलं होतंस तसंच. मुलीकडच्यांना मी आपण होऊन सांगितलं. मुलीची आई दुसऱ्याच दिवशी भेटायला आली. तिच्या घरधन्यालाही हेच दुखणं हाय. दोघी पथ्याच्या गोष्टी करत बसल्या, चहा बिनसाखरेचा.

शांभवी, तुझे उपकार मानायला माझ्याकडं शब्द न्हाईत. तुझ्या आईला तू आज दिसायला पायजे होतीस.

काल आत्तीनं मला लग्नाच्या साड्या घ्यायला महाद्वार रोडला नेलं. शंभर साड्या उलगडायला लावल्या आणि एकही पसंत केली न्हाय. एरवी मी चिडून दुकानाबाहेर जातो. काल मी गादीवर मांडी घालून बसलो आणि म्हणालो, आणखी दाखवा.

लग्नाला लवकर ये. या घरावर तुझा जीव असाच राहू दे.
तुझा,
बसलिंगाप्पा मामा