पुलाजवळच आहे!

४ मार्च, सोमवार

खुर्ची फिरते! कुणी सांगितलंच नव्हतं. बसलो आणि थेट कपाटाकडे तोंड. इतकी वर्षं ट्रक चालवला, कुठे घासला नाही, आणि या खुर्चीने पहिल्याच दिवशी चहा सांडवला. टेबलावर, फायलींवर आणि मालकांच्या पँटवर.

मालक भला माणूस. पँट झटकत म्हणाले, "महिनाभर बघ. जमलं तर गाड्यांचा सगळा कारभार तुझा. नाही जमलं तर तुझी गाडी आहेच."

गाडी आहेच — एवढंच मी लक्षात ठेवलं.

५ मार्च

काम असं — समोर पडदा, पडद्यावर नकाशा, नकाशावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे आपला एक ट्रक. कोणता कुठे पाठवायचा, कोण चालवणार, कोणता दुरुस्तीला, सगळं मी ठरवायचं. दिवसभर ठिपके बघितले. मुंग्या राखायला बसवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी वेळेवर घरी! बायको दारातच थबकली. "अहो, बरं नाही का?"

जेवण गरम होतं. तिचं हे नेहमीचंच. ट्रकवरून कितीही अवेळी आलो तरी ताट गरम. कसं जमतं विचारलं की म्हणते, "कळतं मला." मनकवडी बाई!

७ मार्च

आज विमानला फोन लावला. विमान म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरुण ड्रायव्हर. एकदा त्याच्या शेजारी बसलं की नावाचं कारण विचारावं लागत नाही.

"कुठे पोहोचलास?"

"पुलाजवळच आहे, दादा!"

आणि पडद्यावर याचा ठिपका हॉटेलच्या दारात गाढ झोपलेला! पोट धरून हसलो. पुलाजवळ, म्हणजे गावात आलोच! हे उत्तर मी शोधलं नसेल, पण वापरून वापरून गुळगुळीत मीच केलंय. भोंग्याला मी वर्षानुवर्षं हेच ऐकवलं. भोंगा म्हणजे माझ्याआधी या खुर्चीत बसणारे साहेब, गेल्या महिन्यात रिटायर झाले. असे ओरडायचे की मधे फोन नसता तरी चाललं असतं. सारखं आपलं कुठे आहेस, कुठे आहेस! आम्ही सगळे वैतागायचो.

विमानला म्हटलं, "चहा संपव आणि पुलाला घेऊन नीघ." लगेच ठिपका हलला.

११ मार्च

भोंग्याचा रोज संध्याकाळी ऑफिसला फोन! "कोण कुठे आहे? खरं सांग." एकेका गाडीचं विचारतात. खुर्ची सुटली, पण सवय काही सुटत नाही या माणसाची. उद्या आंघोळीला जातानाही विचारतील.

१३ मार्च

मालकांनी विचारलं, "राणी आवारातच कशी?" राणी म्हणजे माझी गाडी. म्हटलं, ब्रेकला आवाज येतोय.

मिस्त्रीने तपासलं. आवाज नाही. मग मी क्लच सांगितला. मग वायरिंग. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "दादा, गाडी ठणठणीत आहे. झालंय ते तुम्हाला."

खरं आहे. तिच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं मला सोसवत नाही. शिवाय महिना संपला की ती मलाच हवी आहे. या खुर्चीत बसून कुणाचं काय भलं होतं, मला तरी दिसत नाही. माल पोहोचवतो तो ड्रायव्हर. मी नुसता "कुठे आहेस" विचारणारा दुसरा भोंगा.

१८ मार्च

तीन फोन एकाच वेळी. एक उलटा धरला होता. अर्धं बोलणं झाल्यावर कळलं.

२२ मार्च

आज डोकं फिरलं. दोन टायर फुटलेले, मालक समोर उभे आणि त्यातच भोंगा — "कोण कुठे आहे?" मी फाडकन म्हणालो, "साहेब, आता आराम करा की! मी बघतोय ना."

"बरं," म्हणाले. इतक्या हळू! त्यांना हळू बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

२५ मार्च

मोठी ऑर्डर आली. सगळ्या गाड्या बाहेर. उरली राणी आणि उरला विमान. नशीब बघा!

चावी दिली. "सीटला हात लावू नकोस."

"दादा, पाय पोहोचत नाहीत माझे."

"मग पुढे सरकून, टोकावर बसून चालव."

फाटकातून राणी वळली आणि मी तिच्यामागे रस्त्यापर्यंत धावत गेलो. लपवून काय करू, इथे कोण बघतंय. उद्या मालकांना सांगणार. खुर्ची नको, गाडी द्या.

२६ मार्च

मालक बाहेरगावी, त्यामुळे सांगायचं राहिलं. संध्याकाळी ऑफिसात फोन वाजला. विमानची बायको. तिचा फोन कधी येत नाही.

"भाऊ, यांना काही झालंय का?"

"नाही हो! का?"

"साहेबांचा फोन नाही आला. कालही नाही. हे ट्रिपवर असले की रोज करतात. म्हणतात — पोरी, तो पुलाजवळ सांगेल, पण अजून घाटात आहे, ठीक आहे, तू जेवून घे. रिटायर झाल्यावरसुद्धा करायचे. मला वाटलं, वाईट काही असेल म्हणूनच सगळे गप्प." आणि रडायलाच लागली.

पडद्यावर बघितलं. राणी घाट उतरत होती, सावकाश. "वहिनी, गाडी चालू आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहे. जेवून घ्या."

फोन ठेवला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. रोज संध्याकाळी ते माझ्याकडून एकेक गाडी विचारून घेत होते, ते यासाठी. आणि मी त्यांचं तोंड बंद केलं.

घरी गेलो. बायकोला विचारलं, "तुलाही यायचा साहेबांचा फोन?"

"मग काय मला स्वप्न पडायचं?" ती म्हणाली. "तुम्ही पुलाजवळ म्हणालात की ते म्हणायचे, दोन तास धरून चाला."

२७ मार्च

साहेबांना फोन केला. माफी मागितली. "असू दे रे!" असे ओरडले की कान अजून वाजतोय. फार बरं वाटलं.

२८ मार्च

मालक आले. मी काही मागितलं नाही. विमानला सांगितलं, सीट हवी तशी पुढे घे.

संध्याकाळी पहिला फोन लावला. "वहिनी, तो पुलाजवळ म्हणेल. अजून तासभर आहे. ताट इतक्यात वाढू नका."