अनवाणी वाजवणाऱ्यांची मापं

कोल्हापूर,
ता. ९ ऑक्टोबर १९७७

चि. कृष्णात यास आकाराममामाचा पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? गेल्या हिवाळ्यात बर्फ उपसताना भरलेली उसण अजून धरते असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेक दे. (तिकडं वीट मिळत नसेल तर माणसं घरं कशानं बांधतात तेही कळव.) चि. सौ. विजयमालाची सर्दी गेली का? सुंठ धाडली होती ती पोचली का वाटेत कुणी चहात घातली? तुझी मोटार सकाळची चालू होते का? माणसांच्या रांगेत मोटार धरली म्हणून हसू नकोस, तुझ्या प्रत्येक पत्रात निम्मं दुखणं तिचंच असतं. तुझी आई, म्हणजे आमची आक्का, मलकापुरात खुशाल आहे. गुडघे धरतात, पण कुणाशी दोन शब्द बोलायचे असले की तिन्ही पायऱ्या एका दमात उतरते. तुझी मामी धोंडुबाई बरी आहे आणि तुला विचारते. मी ठणठणीत. आणि लेनर्डरावांच्या मातोश्रींची तब्येत कशी आहे, हेही मला कळलं पाहिजे. त्या माउलीला मी पाहिलेलं नाही, पण आज लिहायला बसलोय ते त्यांच्याचपायी.

चार वर्षांपूर्वी तू रजेवर आलास. जाताना मामीच्या चटणीच्या बरण्यांना पेटीत जागा व्हावी म्हणून तो बारका प्लेअर आणि तीन एल.पी. रेकॉर्डी इथंच ठेवून गेलास, तिथून हे सुरू झालं. तेव्हा तू डेट्रॉइट गावात राहायचास आणि त्या रेकॉर्डी तू दुकानातून नव्हे, वाजवणाऱ्यांच्या घराच्या दारातून घेतल्या होत्यास, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्यांदा लावली तेव्हा मला वाटलं, मंडळी अजून वाद्यं जुळवताहेत. पाच मिनिटं झाली, जुळवताहेतच. म्हटलं, आपल्याकडचे गवई बरे. आठव्या मिनिटाला त्या उभ्या थोरल्या तंतुवाद्याच्या (त्याला ते बास म्हणतात, आपल्या कपाटाएवढं असतं) चार सुरांवर सॅक्सोफोन असा काही चढला की माझ्या हातातली चामडं कापायची रापी होती तिथंच राहिली. पुढं साथीला आलेली दहाबारा बायामाणसं एकच ओळ घोळवून घोळवून म्हणतात. शब्द कळला नाही, पण जोतिबावर गर्दीतून चांगभलं उठतं तेव्हा अंगावर जसा काटा येतो, तसाच आला. त्याच वेळी गौस आला होता. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवतो तो गौस, तुझ्या शाळेतला. पायताणाचा तुटलेला अंगठा शिवून घ्यायला ते काढून उभा होता, तो अख्खी बाजू संपेपर्यंत एका पायावर उभा. संपल्यावर म्हणाला, “मामा, ह्यो गडी श्वास कवा घेतोय त्ये दिसंना की!” म्हटलं, बाबा, रेकॉर्डीत दिसत नसतंय. तर म्हणाला, “मला दिसतंय. आन् ह्यो घेत न्हाय.”

तेव्हापासून मी त्या रेकॉर्डींच्या नादाला लागलो. माझं शिक्षण चौथी. पण तुझ्या कॉलेजातली डिक्शनरी माळ्यावर होती, ती काढली आणि कव्हरावरचं इंग्रजी एकेक अक्षर जुळवत वाचायला शिकलो. वाचल्यावर मी गारच झालो. कृष्णात, यांच्यामागं कुणी मोठी कंपनी नाही! लेनर्ड ग्रीर सॅक्सोफोन वाजवतात, त्यांची बायको पियानो, एक जण बास आणि एक जण ड्रम, असे चौघे. वाजवायचं त्यांनी, पैसा जमवून रेकॉर्ड काढायची त्यांनी, कव्हर रंगवायचं त्यांनी आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पार्सलं बांधायची लेनर्डरावांच्या आईनं. ‘फोर लॅम्प्स’ हे नावही घरातच ठेवलेलं, म्हणजे चार दिवे. एकेक रेकॉर्ड फक्त पाचशे नग. आमच्या कोल्हापुरात पाचशे माणसं तर नुसती दूध प्यायला उभी असतात! त्या पाचशेतली एक माझ्या घरी आहे, ह्या विचारानं मी पहिले काही दिवस हात धुतल्याशिवाय कव्हराला शिवलो नाही. नंतर तू आणखी दोन धाडल्यास. एक, दोन, चार, पाच आणि सहा नंबर आले. तीन नंबर नाही. तू लिहिलंस, तीन नंबर संपली, आता कुणाला मिळायची नाही. ज्याला कसला नाद नाही त्याला ह्यातलं दुःख सांगून कळायचं नाही. बत्तिशीतला एक दात नसला की जीभ बरोबर तिथंच जाते, तसं माझं झालं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तुला ठाऊक आहे, तीस वर्षं मी पायताणं करतो आणि बाजारातले सयाजीशेठ ती घेतात. कापणं, ठोकणं, वेणी घालणं माझं आणि टाचेवर ठसा ‘सयाजी’. बापाच्या काळापासून असंच चाललंय म्हणून कधी मनात आलं नाही. पण ही कव्हरं वाचून वाचून मला वाटायला लागलं की पाचशेच करावीत, पण आपल्या नावानं करावीत. एक दिवस जाऊन पितळी ठसा करून आणला, ‘आकाराम पिराजी, कोल्हापूर’. (पिराजी म्हणजे तुझे आजोबा, त्यांचं नाव तरी कुठं लागलं होतं?) शेठना सांगायला गेलो तर म्हणाले, “आकाराम, माल तुझा आन् नाव माझं, हितं काय बिघडलं हाय? तुझं नाव बघून कोन घेनार हाय रं?” तेवढ्यावर थांबले असते तर मी परत आलो असतो. पण पुढं म्हणाले, “तुझं नाव तुझ्या गल्लीत तरी ठावं हाय का?” म्हटलं, बरं. उठून आलो. तेव्हापासून ते माझा माल घेत नाहीत. आता मी घराच्या दाराशी खिळ्याला पायताणं टांगतो. गिऱ्हाईक येतं, उलटून बघतं, “हे आकाराम कोन?” असं मलाच विचारतं. मी म्हणतो, मीच. ते वरून खाली माझ्याकडं बघतं आणि पायताण परत खिळ्याला लावून जातं. उलटून बघावं लागतं, कारण ठसा मी तळाला मारलाय. शेठांसारखा वर मारायचा धीर झाला नाही.

तर, त्या ठशाची पहिली पायताणं कुणाच्या पायात जावीत? तू म्हणशील, सांगायला कशाला पाहिजे. पाच नंबरच्या कव्हरावर चौघांचा फोटो आहे, वाद्यांपुढं सतरंजीवर बसलेत, आणि चौघेही अनवाणी! सहा नंबरवर उभे आहेत, तरी अनवाणी! मी गौसला दाखवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, “सगळा पैका रेकॉर्डीत घातला मामा, पायात घालायला काय ऱ्हायलं न्हाय.” मला जेवण गेलं नाही. जगातल्या सगळ्या गावांत त्यांच्या रेकॉर्डी ऐकणारे असतील, पण त्यातला चप्पलवाला मी एकटाच. मग हे काम कुणाचं?

प्रश्न होता मापाचा. आपण माप घेतो ते कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवून. पाय अमेरिकेत. तेव्हा गौसनं डोकं लढवलं. बँडातला सॅक्सोफोन घेऊन आला. तो दोऱ्यानं मापला, फोटोतला सॅक्सोफोन दोऱ्यानं मापला, आणि त्या हिशेबानं चौघांचे पाय काढले. तिघांचे बरोबर आले. बासवाल्यांचा पाय सोळा इंच भरला. दोनदा मापला, सोळाच. मामी म्हणाली, माणसाचा पाय एवढा नसतो. गौस म्हणाला, “मामी, वाद्य बघा की केवढं हाय! त्ये पेलायला पाय तसाच लागतोय.” म्हणून मी सोळा इंची केली. (बासवाल्यांनी पाय कॅमेऱ्याकडं लांबवला होता आणि जवळचं थोरलं दिसतं, हे पार्सल गेल्यावर महिन्यानं, जयसिंगपूरच्या गाडीची वाट बघत रुळाकडं बघताना माझ्या ध्यानात आलं.) ड्रमवाल्यांच्या जोडीत मी चालताना वाजणारी करकर घातली, आपली नेहमीची. पण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्यात पायताण बेसूर नको म्हणून गौसनं क्लॅरिनेट लावून तपासली. तीन वेळा उसवायला लावली. चौथ्यांदा मी घालून अंगणात फेऱ्या मारल्या, तो डोळे मिटून ऐकत बसला आणि म्हणाला, “आता बसली.” शेजारचा गुंडू भिंतीवरून बघत होता. त्यानं गल्लीभर काय सांगितलं ते लिहीत नाही.

सोबत चिठ्ठी इंग्रजीत लिहिली, डिक्शनरी मांडीवर घेऊन, तीन दिवस. मजकूर असा: रा. रा. लेनर्डराव, तुम्ही चौघे अनवाणी आहात हे पाहून आम्हाला वाईट वाटलं. तुम्ही काळजी करू नये, आम्ही आहोत. तुमचं वाजवणं फार थोर आहे. तीन नंबरची रेकॉर्ड कुणाकडं अडगळीत पडली असली तर आमची आठवण ठेवावी. पार्सल बोटीनं गेलं. आणि मी रोज पोस्टमनच्या तोंडाकडं बघायला लागलो.

परवा उत्तर आलं, कृष्णात! लेनर्डरावांच्या आईच्या हातचं. अक्षर मोठं, आपल्या आक्कासारखं उजवीकडं कलंडलेलं. दोन दिवस मी ते वाचत होतो. त्यांनी लिहिलंय की ते चौघे गरीब आहेत हे खरं, पण बूट सगळ्यांना आहेत. वाजवायची जागा पवित्र, तिथं पायातलं बाहेर काढून जायचं, अशी त्यांची रीत आहे. एवढं वाचलं आणि मी कागद खाली ठेवला. अरे, जोतिबाच्या पायरीशी आपण पायताण काढतो तेव्हा आपल्याला कुणी गरीब समजून चप्पल आणून देतं का? आणि दुसऱ्याचं कशाला, तीस वर्षं मी स्वतः ठोकायला बसतो ते अनवाणी, पायाच्या अंगठ्यात चामडं धरून. मला कळू नये? मी मामीला सांगितलं तर ती म्हणाली, “ह्ये मला इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं.” (विचारलं नव्हतं हे खरं.)

पण माउलीनं मनाला लावून घेतलं नाही. उलट लिहिलंय, एवढ्या लांबून आमच्या पायांची काळजी कुणी केली नव्हती, आणि पत्र मोठ्यानं वाचलं तेव्हा घरात सगळे आधी हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. तिघांना पायताणं अगदी मापात बसली. ड्रमवाले करकर ऐकायलाच दुकानापर्यंत दोनदा जाऊन येतात. बासवाल्यांच्या एका पायताणात मांजर निजतं आणि दुसरं रिकामं आहे, कारण मांजर एकच आहे. आणि पार्सलात होती तीन नंबर! त्यांच्या घरातली, स्वतःची ठेवलेली. कव्हरावर चहाच्या कपाचं गोल उमटलंय. ते मी पुसलेलं नाही, कधी पुसणारही नाही. गौसला बोलावून लावली. दोन्ही बाजू संपेपर्यंत मामीनं चूल पेटवली नाही.

शेवटी त्यांनी लिहिलंय की सात नंबरच्या कव्हरावर ह्या वेळी माणसांचा फोटो नको असं ठरलंय. घराचं बंद दार आणि दारापुढं ओळीनं काढून ठेवलेले माझ्या पायताणांचे चार जोड, एवढंच. आत वाजवणं चाललंय, हे बघणाऱ्यानं समजून घ्यायचं. मला आणखी काय पाहिजे? नावाबिवाचा मला आता हव्यास उरलेला नाही. शेठ माल घेवोत न घेवोत. विजयमालाला आशीर्वाद. कंबर जप.

तुझा,
आकाराममामा

ता. क. फोटो नाताळाच्या आधी काढणार आहेत. तू आता डेट्रॉइटपासून दोनच तासांच्या वाटेवर राहतोस, तर मोटार चालू होत असली तर एक चक्कर मार आणि त्यातलं एक पायताण फोटोपुरतं उलटं ठेवायला सांग. ठसा तळाला आहे. कुठलंही ठेवलं तरी चालेल. लेनर्डरावांचं ठेवलं तर बरं, त्यावर उमटलाय स्वच्छ.

ता. क. दुसरा. वरचं मामीनं वाचून घेतलं आणि माझ्यावर कडाडली. दारात उलटं पायताण पडलं की त्या घरात भांडण लागतं, हे सांगायला मला काय अमेरिकेचं पत्र यायला पाहिजे का, असं म्हणाली. तिचं बरोबर आहे. चौघे इतकी वर्षं एका जीवानं वाजवताहेत, त्यांच्यात माझ्या नावापायी फूट पडली तर आठ नंबर कुठून येणार? तेव्हा पायताणं सुलटीच राहू देत. कुणी चुकून उलटं केलं तर तूच सरळ कर.

ता. क. तिसरा, हा मामीला दाखवलेला नाही. कव्हराच्या मागच्या बाजूला ते सगळ्यांची नावं छापतात, कोण काय वाजवतं, फोटो कुणी काढला, सगळं. तिथं शेवटी एक ओळ बसते का विचार: ‘पायताणं – आकाराम पिराजी, कोल्हापूर’. गावाचं नाव गाळू नये. पाचशे कव्हरांवर होईल आणि त्यातलं एक मी दारात खिळ्याला टांगीन, सयाजीशेठांची रोजची वाट तिथूनच आहे. आणि शेजारी ‘मापं – गौस’ असंही घालायला सांग, सोळा इंच झाली तरी कष्ट त्याचेच. जागा एकाच नावाची असली तर... (इथं मी बराच वेळ पेन धरून बसलो.) जागा एकाच नावाची असली तर अक्षर बारीक करायला सांग. ह्या पत्राचं उत्तर मात्र बोटीनं नको, विमानानं धाड, आणि आजच लिहायला बस.